नाथाबाबांची मागची सीट

मी हितेशच्या गाडीची मागची सीट बोलतेय. आधीच सांगून टाकते, मी खऱ्या चामड्याची नाही, लेदरेटची आहे. पण शोरूममध्ये हितेशनं माझ्यावरून हात फिरवला आणि बायकोला, स्वप्नालीला म्हणाला, "ओरिजिनलच वाटतं ना?" तेव्हापासून मी ताठच आहे.

खारी गावातल्या त्यांच्या घरातली ही पहिली गाडी. हितेशचे वडील नाथाबाबा यांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. पहिल्या दिवशी ते अंग चोरून माझ्या कडेला बसले.

हितेश दर रविवारी माझी निगा राखायचा. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, शिलाईतल्या धुळीला मऊ ब्रश, पिळलेलं फडकं, मग कोरडं, शेवटी क्रीमचा पातळ हात. माझ्यावर बसून वेफर्स खायलाही बंदी!

पुढे नाथाबाबांच्या किडन्या थकल्या. मीरा रोडला डायलिसिस सुरू झालं. एकदा परतताना ट्रॅफिकमध्ये त्यांना उलटी झाली, सगळी माझ्यावर. बिचारे आपल्याच सदऱ्यानं पुसू लागले. "पोराची गाडी घाण केली मी," एवढंच पुटपुटत राहिले. स्वप्नालीनं घरी येऊन मला पुसलं. थेंबभरही आत मुरू दिलं नव्हतं मी.

पुढच्या खेपेला हितेशनं माझ्यावर प्लास्टिक अंथरलं. नाथाबाबा दाराशी आले आणि थबकले.

"मी काय मासली हाय, पिलास्टिकवर ठेवाया? मी न्हाय येणार!"

ते तडक ओटीवर जाऊन बसले. डायलिसिस चुकवणं म्हणजे जिवाशी खेळ. हितेश स्वप्नालीकडे वळून वैतागला, "अगं, सीट खराब होईल म्हणून टाकलं. त्यात काय एवढं?"

स्वप्नालीनं प्लास्टिक ओढून काढलं. "पुसली की साफ होते म्हणूनच घेतली ना ही? मग बाबांना कशाला लाजवतोस?"

 हितेश ओटीवर जाऊन वडिलांसमोर उकिडवा बसला. "चुकलं माझं, बाबा. चला. काय झालं तर मी पुसेन."

नाथाबाबांनी उठायला हात पुढे केला.

परतताना पुन्हा उलटी झालीच. हितेशनं गाडी कडेला घेतली. आधी वडिलांचं तोंड धुतलं, गळा टिपला, पाठीवरून हात फिरवत राहिला. माझ्याकडे वळला तो सगळ्यात शेवटी. मला मुळीच राग आला नाही. उलट इतका अभिमान मला शोरूममध्येही वाटला नव्हता.

आता माझा एक कोपरा फिका पडलाय, शिवणीजवळ बारीक चीरही आहे. तुमच्याकडेही माझ्यासारखी कुणी असेल. तिला सॅनिटायझर चोळू नका, कडक उन्हात तापवू नका. पण माणसांपेक्षा जास्त जपू नका. आम्ही माणसांना बसण्यासाठीच जन्मलोय.

येताहेत बघा नाथाबाबा, स्वप्नालीचा हात धरून. आता कडेला नाही, ऐसपैस मधोमध बसतात. चला, मला निघायचंय.