दोन निळे गोल

परळीला माझ्या अब्बांचं, कलीम मिस्त्रींचं, गॅरेज आहे. तारा, बॅटऱ्या आणि शॉर्टसर्किट यांच्यातच मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे एका संस्थेच्या कृत्रिम हातांच्या शिबिरात मला तपासणीचं काम मिळालं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. अम्मी तेवढी म्हणाली, "सहर, माणसं म्हणजे स्कूटर नव्हेत." मी हसले होते.

काम तसं सोपं. हात कोपराखाली तुटला तरी पंजा हलवणारे स्नायू उरलेल्या तुकड्यात शिल्लक असतात. तिथं सेन्सरचा पट्टा बांधायचा आणि माणसाला म्हणायचं, मनातल्या मनात मूठ मिट, आता उघड. स्नायू हलला की टॅबवरची रेघ उसळते. मिटणारा आणि उघडणारा, दोन्ही स्नायूंची रेघ लाल खुणेच्या वर गेली तर यंत्राचा हात मिळणार, नाहीतर नाही. हे मला आवडायचं. यंत्राकडे कुणाचा वशिला चालत नाही.

घाटनांदूरच्या मंगल कार्यालयात शिबिर लागलं आणि पहिल्याच दिवशी म्हाळूमामा आले. पंचेचाळिशीचा मेंढपाळ, उजवा हात गेल्या वर्षी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेला. कोपराखाली जेमतेम चार बोटं तुकडा उरला होता. सोबत बायको, रतनबाई. नवऱ्याच्या नावापासून दुखण्यापर्यंत सगळं तीच सांगत होती आणि ते मान हलवत होते.

"मेंढरं दिराकडं हायेत सध्या," ती म्हणाली. "एका हातानं मेंढरू धरता येतंय, न्हाईतर कातरता येतंय. दोन्ही कसं हुईल? हात भेटला तर कळप माघारी आणू. न्हाईतर दीर म्हणतोय, इकून टाकतो."

कागदांच्या झेरॉक्स आणायला मी तिला बाहेर पाठवलं आणि पट्टा बांधला. म्हाळूमामांना 'मनात मूठ मिट' हे काही केल्या कळेना. शेवटी मी चिडून म्हणाले, "मामा, मेंढरू पळतंय, लोकर धरा!" रेघ सणकून वर गेली. "आता सोडा." रेघ जागेवर थरथरली आणि बसली. उघडणारा स्नायू दुबळा होता, पण मेलेला नव्हता. यादी पक्की व्हायला आठ दिवस होते. आठ दिवस नीट सराव केला तर तो खुणेच्या वर जाईल, याची मला खात्री होती.

सेन्सर बसले होते त्या दोन जागांवर मी निळ्या मार्करनं दोन गोल काढले. आंघोळीनंही जाणार नाहीत असे. "बघा मामा, जीव इथं आहे," मी म्हणाले. "पुढच्या गुरुवारी इथंच बघायचंय. रोज शंभर वेळा धरा, शंभर वेळा सोडा." त्यांनी त्या गोलांकडे फार आदरानं पाहिलं. मला वाटलं, समजलं. बाहेर रांग लागली होती. मी पुढचं नाव पुकारलं.

गुरुवारी ते सगळ्यांच्या आधी हजर. रतनबाईनं नवं लुगडं नेसलेलं. तिला नावनोंदणीच्या टेबलाकडे पाठवून मी मामांना खुर्चीत बसवलं आणि त्यांची बाही वर केली.

गोल नव्हते. त्यांच्या जागी रुपयाएवढे दोन डाग होते, काळे, कडेनं लाल, मध्ये पाणी धरलेले.

"हे काय केलं?" मी ओरडलेच. "कुणी केलं हे?"

मामा गोंधळले. "डाग दिला, मॅडम. तुमीच तर जागा काढून दिली."

मग मला कळलं. मेंढपाळांच्या वस्तीत शिरांचा जाणता म्हातारा असतो. तो चाचपून पाहतो, दुखऱ्या शिरेवर कोळशानं गोल काढतो आणि निघून जातो. तापल्या सळईचा डाग घरच्यांनी द्यायचा असतो. मेंढराचा पाय लुळा पडला तर असाच, माणसाची कंबर धरली तरी असाच. मी चाचपलं होतं, गोल काढले होते, पुढच्या गुरुवारी इथंच बघू म्हणाले होते. जाणत्यासारखंच वागले होते मी, फक्त मला ते ठाऊक नव्हतं. याच जिल्ह्यात जन्मूनही हे मला आधी सुचलं नाही, याची त्या क्षणी भयंकर लाज वाटली.

मी डागांच्या कडेला, मिळेल तेवढ्या चांगल्या कातडीवर सेन्सर टेकवले. "मामा, धरा." रेघ वर. "सोडा." आणि उघडणाऱ्याची रेघ लाल खूण ओलांडून गेली. एकदा नाही, दहापैकी दहा वेळा. त्यांनी खरोखर सराव केला होता. मी पळत जाऊन आमचे इंजिनियर अमरसिंह यांना घेऊन आले. त्यांनी जखम पाहिली, रेघ पाहिली आणि टॅब बाजूला ठेवला.

"यंत्राच्या हाताची वाटी नेमकी इथंच घट्ट बसते, सहर. सेन्सरही इथंच. तुकडा लांब असता तर सरकवले असते. ही जखम भरली तरी वर जाड कातडी येणार, तिच्यातून धड काही उमटणार नाही." ते हळू बोलत होते. "यादी आज जाते. नाव काढावं लागेल."

मामांनी सगळं ऐकलं. हाताबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. ते म्हणाले, "रतनीला सांगू नका. सळई तिच्या हातात व्हती."

तेवढ्यात ती आलीच. "झालं का, मॅडम?"

मी खोटं बोलले. "मावशी, स्नायूत ताकद कमी पडली. यंदा नाही जमणार."

थोडा वेळ तिनं पदर तोंडावर धरला. मग डोळे पुसून, काही ठरवल्यासारखी, नवऱ्याकडे वळली.

"मला वाटलंच व्हतं. डाग वरवर बसला. तुमी वरडलाव आन् माझा हात हालला. आता घरी गेल्यावर सळई लाल करून देते. ह्या बारीला वरडलाव तरी सोडायची न्हाई."

मी मामांकडे पाहिलं. आता तरी ते बोलतील असं मला वाटलं.

"बरं," म्हाळूमामा म्हणाले.

माझ्यानं ऐकवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं: रेघ वर गेली होती, हात मिळणार होता, डागामुळे गेला, आता पुन्हा तिथं काहीही लावू नका. मामा मध्येच उठून "न्हाई, न्हाई, तसं न्हाई" म्हणत राहिले, पण मी थांबले नाही. थांबले असते तर त्यांना पुन्हा भाजून घ्यावं लागलं असतं, आणि ते त्यांनी मुकाट घेतलं असतं.

रतनबाई रडली नाही. तिनं त्या दोन जखमांकडे बोट केलं.

"मग गोल कावून काढले व्हते?"

"पट्टा कुठं बांधायचा ते कळावं म्हणून."

"येवढ्याच्यासाठी?"

"हो मावशी. माझं चुकलं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

मी टेबलाच्या खणातून मलमाची ट्यूब आणि पट्टी काढून तिच्यापुढे धरली, रोज सकाळ-संध्याकाळ लावा म्हणाले. तिनं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"तुमीच लावा, मॅडम," ती म्हणाली. "मी आता त्यांना हात लावत न्हाई."