पाटीवरचा एर

गेनादी दोन्चेव्हला अलीकडे कंटाळाही येत नसे. कंटाळा यायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं. सत्तरी आली, गुडघे कामातून गेले, डावा डोळा धूसर झाला, तरी रोज नऊच्या ठोक्याला तो इमारतीच्या तळमजल्यावरचं आपलं चौकटींचं दुकान उघडायचा आणि लोकांच्या लग्नांना, नातवंडांना, मेलेल्यांना काच बसवत राहायचा. रूसे शहरात भिंतीवर फोटो लावणारे आता उरलेत किती! पण घरी बसून करायचं काय?

सोमवारी बिस्त्रा आली. तिसऱ्या मजल्यावरच्या स्तामेनची मुलगी, वार्नाला असते. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी जड धूड होतं.

"काका, शनिवारी सकाळी आठला आमची गाडी. बाबांना कायमचं घेऊन जातेय. याला चौकट शुक्रवारपर्यंत हवी."

"तुझा बाप माझ्याकडून चौकट करून घेणार?" गेनादी म्हणाला. "अठरा वर्षांत शिंकलो तर 'शतायुषी हो' म्हणाला नाही तो."

"तुम्हीही नाही म्हणालात. दोघं एकाच जिन्यात समोरासमोर येता नि विजेचे मीटर बघत उभे राहता. मला तर लाज वाटते."

तिने घोंगडी सोडली आणि गेनादी मटकन स्टुलावर बसला. निळ्या मिन्याची, म्हणजे काचेसारखा भाजलेला लेप दिलेली, पांढऱ्या अक्षरांची पत्र्याची पाटी. कोळशाच्या भुकटीने माखलेली, गंजलेली, उजवीकडे दोन ठिकाणी टवके उडालेली. त्याच्या बापाची पाटी! टोपीवाला दोन्चेव्ह. एकोणपन्नास साली दुकान सरकारजमा झालं, त्या दिवशी दिसेनाशी झालेली.

"बाबांनी एकच सांगितलंय," बिस्त्रा म्हणाली. "तुटलंय ते झाकायचं नाही."

ती गेली आणि गेनादीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झाकायचं नाही म्हणे! फोडणारा कोण, आणि सांगतंय कोण!

कारण त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शिडीवर स्तामेनचा बाप इलारी, हातात हातोडी, पाटीवर ठक ठक, पांढऱ्या टिकल्या खाली पडतायत. आणि खाली गेनादीचा बाप, मान घालून उभा. तोंडातून शब्द नाही. दुकान गेलं तो दिवस म्हटलं की गेनादीला तेवढंच आठवायचं. इलारी पुढे पक्षाच्या गल्लीतल्या कमिटीत होता, म्हणजे अजून काय पुरावा पाहिजे? बाप त्यानंतर कारखान्यात लागला, पन्नाशीच्या आतच गेला, आणि या विषयावर कधी बोलला नाही. मुलगा मात्र बोलला. कम्युनिस्ट राजवट पडली त्या हिवाळ्यात जो तो आपापली जखम उघडी करत होता, तेव्हा स्तामेनच्या नावदिवसाच्या, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाच्या जेवणाला, त्याच्याच टेबलावर, त्याचीच राकिया दारू पिऊन गेनादी दहा माणसांत बोलला, "तुझ्या बापाने माझ्या बापाची पाटी फोडली. लोकांची दुकानं बुडवणारा गुंड होता तो." स्तामेन उठला, त्याने दार उघडलं आणि गेनादीचा कोट त्याच्या हातात दिला. लहानपणापासूनची दोस्ती तिथेच संपली.

मंगळवारी त्याने पाटीला हात लावला नाही. बुधवारी लावावाच लागला.

आधी मऊ कुंचल्याने कोळसा झाडला, मग कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसलं. गंजाला फक्त मेण. खरवडायला गेलं की चांगला मिनाही उचकटतो. मग चौकट किती खोल लागेल ते बघायला त्याने टवक्यांवर फूटपट्टी ठेवली. दोन्ही टवके एकाच रुंदीचे. दोन्ही एकाच उंचीचे. एक वरच्या ओळीच्या शेवटी, एक खालच्या. बोटभर अंतरावरची पांढरी किनार जशीच्या तशी, साधा ओरखडा नाही. गुंड एवढं जपून फोडतो होय?

मास्तरांसमोर वाचावं तसं त्याने पाटी मोठ्याने वाचली. टोपीवाला. पुरं होतं. दोन्चेव्ह. तेही पुरं होतं. पाटी फुटली होती आणि एकही अक्षर कमी नव्हतं.

"अरे देवा," गेनादी म्हणाला. "एर!"

त्यांच्या भाषेत पाटीवरचे दोन्ही शब्द व्यंजनावर संपणारे, आणि जुन्या लिखाणात अशा प्रत्येक शब्दामागे एर नावाचा एक वर्ण लागायचा. उच्चार नाही, काही नाही, नुसता शेपटासारखा चिकटलेला. पंचेचाळीस साली सरकारने तो लेखनातून काढला. गेनादी तेव्हा पहिलीत होता. नवी पुस्तकं छापून आली नव्हती, म्हणून बाईंनी सगळ्या वर्गाला जुन्या पुस्तकातले एर पेन्सिलीने खोडायला लावले होते. त्याने स्वतः तासन् तास एर खोडले होते, बोट दुखेपर्यंत. आणि त्याच दिवसांत बापाच्या पाटीवरचे एर इलारीने हातोडीने काढले. इलारी थडग्याच्या दगडांवर अक्षरं कोरायचा. शेजारचं न दुखवता एकच अक्षर उडवायला गल्लीत दुसरा होता कोण?

त्याने भिंग लावलं. टवक्यांच्या कडांना निळ्या तेलरंगाचे कण अजून धरून होते. काढलेली जागा कोणीतरी रंगवून घेतली होती. बंद पडलेल्या दुकानाची पाटी कोण रंगवतो? म्हणजे दुकान पुढे चार वर्षं चाललं, याच पाटीखाली. तो स्वतः रोज तिच्याखालून शाळेत गेला. आणि त्याच्या टाळक्याने पंचेचाळीसची हातोडी उचलून एकोणपन्नासच्या दिवसाला ठोकून दिली होती. गेनादीला इतकी शरम वाटली की त्याने दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

एकच गोष्ट सुटत नव्हती. बाप मग मान घालून का उभा होता?

चौकट त्याने अक्रोडाच्या पट्टीची केली, खोल, पाटीच्या चारी बाजूंना बोटभर जागा सोडून, म्हणजे कुठलीच कड लाकडाखाली जाणार नाही. मागे राखाडी कापड लावलेली फळी. काच घातली नाही. शुक्रवारी दुपारी ते ओझं घेऊन तो तिसऱ्या मजल्याला निघाला. प्रत्येक वळणावर थांबला. दुसऱ्या मजल्यावर स्वतःचंच दार लागलं तेव्हा मनात आलं की आत जावं आणि निजावं. गाडी उद्या आठला होती. आज राहिलं की राहिलंच.

दार स्तामेनने उघडलं. किती वाळला होता! मागे खोलीभर खोकी.

"वाचली मी," गेनादी म्हणाला. त्याला दम लागला होता.

"मग? काय लिहिलंय?"

"टोपीवाला दोन्चेव्ह."

"काही कमी आहे?"

"नाही." गेनादीने चौकट भिंतीला टेकवली. "स्तामेन, मी तुझ्या मेलेल्या बापाला तुझ्याच घरात गुंड म्हणालो. त्याने माझ्या बापाचं काम केलं होतं. चुकलं माझं. फार मोठं चुकलं."

स्तामेन एका खोक्यावर बसला. "दुकान गेलं तेव्हा पाटी भंगारात जाणार होती. माझ्या बापाने रातोरात काढून आमच्या तळघरात कोळशाखाली पुरली. तू बोललास ना, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सापडली मला."

"म्हणजे सतरा वर्षं तुझ्याकडे होती? अरे मग दाखवायची होतीस की, गाढवा!"

"तू विचारशील म्हणून थांबलो. पाटी फोडली, पाटी फोडली म्हणून गावभर बोंबललास. ती पाटी गेली कुठे, हे एकदा तरी विचारलंस कुणाला?"

गेनादी चौकटीची कड बोटाने पुसत राहिला. आतल्या खोलीत बिस्त्रा चिकटपट्टी फाडत होती.

"तो मान घालून का उभा होता रे?" त्याने शेवटी विचारलं. "माझा बाप. शिडीखाली."

"मला काय ठाऊक? मीही सातच वर्षांचा होतो." स्तामेन उठला. "चल, आधी ती लावू. मी काय ती वार्नाला बिस्त्राच्या फ्रीजवर लावू? तुझ्या दुकानात लागलेली बघतो आणि मग जातो."

चौकट बिस्त्राने पुढे खाली नेऊन ठेवली. दोघांना उतरायला पाव तास लागला. स्तामेन कठडा धरायचा आणि गेनादी स्तामेनला. दुकानात गेनादीने घडीची शिडी उघडली. गुडघे नको म्हणत होते, पण स्तामेनला चढवणं शक्यच नव्हतं. तो चौथ्या पायरीवर गेला, खिळा धरला आणि ठोकू लागला. जुनी भिंत, प्रत्येक ठोक्याला चुना भुरूभुरू खाली गळत होता.

"सरळ रेषेत आहे का रे? वर बघून सांग."

उत्तर नाही. गेनादीने खाली पाहिलं. स्तामेन दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभा होता, पाय फाकवून, मान पार छातीला टेकवून.

"अरे बघ की वर!"

"कसा बघू?" स्तामेन खालच्या खालीच ओरडला. "डोळ्यांत चुना जातोय इथे! तू ठोक, मी धरलंय."

गेनादीचा हात हवेतच राहिला. मग त्याने बाहीने डोळे पुसले आणि दुसरा खिळा अगदी सावकाश ठोकायला घेतला.