दोन बोटं बर्फ

मित्रांनो, मी एक जुनं फुटबॉलचं मैदान आहे. पण गवताचं नव्हे, प्लास्टिकचं. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे.

नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्राकाठच्या एका गावात मला अंथरलं. तिथे मे उजाडला तरी गवत धरत नाही. माझी हिरवी पाती कारखान्यात विणलेली आणि त्यांच्यात काळ्या रबराचे बारीक दाणे पसरलेले. ते दाणे म्हणजे माझं मांस. त्यांच्यामुळेच पाय अलगद पडतो. माझ्यावर सराव करून गावाचा संघ थेट वरच्या लीगमध्ये गेला, तेव्हा लोक माझे फोटो काढत. रविवारी मोठ्यांचा सामना, एरवी रोज संध्याकाळी प्रशिक्षक गुन्वोरच्या संघातल्या चाळीस मुली. मी कधी कुणाला 'आज नको' म्हटलं नाही.

गावाची रीत अशी, की सामन्याआधी बर्फ पडला की घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर. मजुरी नाही, काम झालं की सगळ्यांनी मिळून गरम वाफल, म्हणजे साच्यातली जाळीदार गोड धिरडी, खायचे. माझी निगा राखणारा ओड्वार मात्र घसा कोरडा करी. "अरे, तळाला दोन बोटं बर्फ राहू द्या! तेवढं मी ब्रशने काढतो. दाणे चाललेत सगळे!"

"ओड्वार, तू आपला वाफल खा," कप्तान सिव्हर्ट हसे. "पाहुण्यांना काय पांढरं मैदान दाखवायचं?" आणि फावडं तळापर्यंत घाली.

बर्फाबरोबर माझे दाणे कुंपणाबाहेर पडत आणि उन्हाळ्यात वाहत समुद्रात जात. मायेनेच सोलत होते मला! नऊ हिवाळ्यांत माझी फरशी झाली. एका रविवारी वळताना सिव्हर्टचा गुडघा गेला.

मग क्लबची सभा भरली.

"या प्लास्टिकने माझा गुडघा खाल्ला," सिव्हर्टने कुबडी आपटली. "समुद्रही नासवला. खरं गवत आणा!"

"नवे दाणे भरा, मऊ होईल," ओड्वार म्हणाला. "जुने तुमच्या फावड्यांनी गेले."

"वा रे वा! फुकट राबायचं आम्ही, आणि वर दोषही आमचाच?"

गुन्वोर उठली. "गवत आलं की त्याला रोज तुडवता येणार नाही. माझ्या मुलींनी खेळायचं कुठे?"

"काहीतरी करू गं," कुणीतरी म्हणालं.

मतदान झालं. फावडी धरणारे सगळे हात वर गेले. खाली राहिले ते दोनच.

आता मी शेडमागे गुंडाळून पडून आहे. माझ्या जागी गवत आहे. त्याच्या पोटाखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत आणि कडेला पाटी, 'आत पाऊल टाकू नये'. मुली काही दिवस बसने शेजारच्या गावी गेल्या. मग वीस उरल्या, मग सात. परवा गुन्वोरने त्यांचे सदरे धुऊन, घड्या घालून क्लबात परत केले.

मित्रांनो, माझी कीव करू नका. फक्त एखाद्या वस्तूला नावं ठेवण्याआधी ती राखणाऱ्याचं एकदा ऐका. माझं आयुष्य तसंही सरत आलं होतं. त्या मुलींचा खेळ तर नुकता कुठे सुरू झाला होता.