नदीकाठचं बहुमत

आमच्या गाडीत लोकशाही होती. म्हणजे व्हायचं ते बाबांच्याच मनासारखं, पण आधी सगळ्यांनी हात वर करायचे.

बाबा पूर्वी एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि तिथे मीटिंगा घेत. तेवढंच करत, असा माझा दाट संशय आहे. कंपनीने त्यांना घरी बसवलं, पण घरी बसणं त्यांना जमेना. मग त्यांनी घरच भाड्याने दिलं, एक जुनी व्हॅन घेतली, तिच्यात फळ्यांचे दोन पलंग ठोकले आणि आम्हाला जाहीर केलं की आजपासून आपण स्वतंत्र. मीटिंगांची खोड मात्र सुटली नाही. मुक्काम कुठे करायचा, भात टाकायचा की अंडी उकडायची, ताडपत्री कुठल्या बाजूला बांधायची, सगळ्यावर ठराव. मतदार चार. बाबा, आई, मी आणि माझी धाकटी बहीण, जिला आम्ही बारकी म्हणतो. बारकीचं मत एका बिस्किटात मिळायचं आणि बिस्किटांचा डबा बाबांच्या सीटखाली असायचा. आई वाद नको म्हणून बाबांच्या बाजूने हात वर करायची. उरले मी. बाबा मला लाडाने 'विरोधी पक्ष' म्हणायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

उन्हाळाभर ही थेरं मी चालवून घेतली. मग पावसाळा लागला आणि आमच्या स्वातंत्र्याला बुरशी आली. खरोखरची बुरशी, उशांना, चपलांच्या पट्ट्यांना, बाबांच्या त्या प्रवासी टोपीला. मिठाचं पाणी झालं. कपडे आम्ही वाळत घालत नव्हतो, नुसते टांगत होतो, आणि मग तेच ओले कपडे अंगात चढवत होतो. बारकीच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या. बाबा रोज सकाळी व्हॅनचं दार उघडून छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "ही हवा विकत मिळत नाही." मिळणार कशी, घेणार कोण?

त्या शनिवारी मुक्कामाला दोन जागा समोर होत्या. एक पेट्रोल पंपामागचं सिमेंटचं आवार. वर पत्रा, कोपऱ्यात नळ आणि संडास. दुसरी रस्त्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठचं गवताचं मैदान. "मुलींनी नदी बघायची नाही का?" बाबांनी विचारलं. पावसाळा लागल्यापासून मुलींनी पाण्याशिवाय दुसरं काही बघितलंच नव्हतं. मतदान झालं, तीन विरुद्ध एक, आणि व्हॅन गवतात शिरून मैदानाच्या मधोमध बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली. मागची दोन्ही चाकं अर्धी चिखलात गेली. आई आणि मी मागून ढकलत होतो, चाकं गरगर फिरत होती, चिखल आमच्या तोंडावर उडत होता, आणि बाबा आत काच लावून "एक, दोन, तीन" म्हणत होते. नदी अजून बरीच खाली होती. तेवढी अक्कल नशिबाने नदीला होती.

संध्याकाळी बाबांनी त्यावरही ठराव मांडला. आपण अडकलेलो नाही, आपण थांबलो आहोत. तीन विरुद्ध एक. ठरावाने चाकं काही वर आली नाहीत.

रविवारी सकाळी मावशीचा फोन आला. मावशी शहरात दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मी एकदा तिच्या टेबलाशी दिवसभर बसले होते. गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, चावा जुळतो का ते पाहायचं, नाही जुळला तर काढून पुन्हा. वर पांढरा दिवा. हातांना प्लास्टरची पूड लागायची, पांढरी आणि कोरडी. मला तेव्हाच कळलं होतं की मला हेच करायचं आहे, आणि मावशीने साहेबांच्या मागे लागून माझ्यासाठी शिकाऊची एक जागा धरून ठेवली होती.

"उद्या सकाळी साहेब येतील तेव्हा तू टेबलाशी दिसली पाहिजेस," मावशी म्हणाली. "नाही तर ती जागा दुसरीला. मी परत शब्द टाकणार नाही हं, मलाही तोंड दाखवायचंय तिथे."

मैदानाच्या वर रस्त्याला बसचा थांबा होता, पत्र्याची शेड आणि एक बाक. दुपारी शहराकडे दोन बस जायच्या, पहिलीनंतर तासाभराने दुसरी. मग थेट सोमवारी दुपारी. तोवर माझ्या टेबलाशी कुणीतरी भलतीच बसलेली असती.

आई ताडपत्रीखाली उभी होती आणि साचलेलं पाणी झाडूच्या दांड्याने वर ढकलून सांडत होती.

"आई, आज बाबा यावर मतदान घेणार. या वेळी तरी."

"करते गं हात वर. तुझ्याच बाजूने करते. एवढंसं तोंड करून बसू नकोस."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? आई आहे ना मी तुझी?"

जेवणानंतर बाबा घडीच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी घसा साफ केला. "तर प्रश्न असा, की आपल्या घरच्या मुलीने दुसऱ्यांच्या तोंडातले दात घासायला शहरात जावं का?"

"घासायचे नाहीत. बनवायचे."

"विरोधी पक्षाने मध्ये बोलू नये. जावं, असं कोणाला वाटतं?"

मी हात वर केला. बारकीने सीटखालच्या डब्याकडे पाहिलं. आई आपली नखं बघत होती.

"जाऊ नये, असं?"

बाबांचा हात वर गेला, बारकीचे दोन्ही गेले. आईचा हात मांडीवरून उठला आणि खांद्यापर्यंत येऊन थांबला, धड वर नाही, धड खाली नाही. बाबांनी तो मोजला.

"तू मघाशी काय म्हणालीस?" मी आईला विचारलं.

"तू गेलीस की या दोघांत मी एकटी काय करू?" ती म्हणाली. बाबा समोरच होते, पण त्यांना ऐकू आलं नाही. ते मतं मोजण्यात गुंग होते.

बाबांवरचा राग माझ्या सवयीचा होता. त्यांची कीव करून तो गिळता यायचा, कारण त्यांना खरंच वाटायचं की आम्ही सगळे सुखात आहोत. आईला तसं वाटत नव्हतं. तिला बुरशी दिसत होती, बारकीचे पाय दिसत होते, रुतलेली चाकं दिसत होती, आणि हे सगळं बघूनही ती हात वर करत होती. मला तिची शिसारी आली. स्वतःच्या आईची शिसारी येते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी सॅक भरली. त्यात भरण्यासारखं कोरडं काहीच नव्हतं, म्हणून ओलंच भरलं.

"बहुमताचा मान ठेवायला शिक," बाबा म्हणाले.

"ठेवला की. बहुमताने इथे राहा. मी जाते."

त्यांना वाटलं मी दारापर्यंत जाऊन परत फिरेन. मी चपला हातात घेतल्या आणि चिखलातून वर चढून शेडमध्ये जाऊन बसले. पाऊस तेवढ्यापुरता ओसरला होता. आभाळ भरून आल्याने व्हॅनमध्ये दिवा लावलेला होता आणि मोठ्या काचेतून तिघं स्पष्ट दिसत होती. बाबांचा मीटिंगचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. तो आवाज लपवायचं त्यांना कधी सुचलंच नाही.

"ताईला परत आणायचं का? हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

बाबांचा हात वर गेला. बारकीचा गेला, डब्याकडे न बघता. आणि आईचा गेला, सरळ, कोपरात न वाकता, पार टपाला टेकला. आमच्या गाडीत पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं होतं. खोटं कशाला बोलू, मी बाकावर सरकून शेजारी जागा केली. इतके दिवस मी ज्यांना नावं ठेवली त्यांच्यापैकी कुणीतरी आता चिखल तुडवत वर येणार होतं, आणि ती आई असावी असं मला वाटत होतं. ती आली असती तर मी तिच्याशी भांडले असते, आणि मग बहुतेक तिच्याबरोबर खालीही उतरले असते. लॅब, टेबल, साहेब, सगळं सोडून.

पहिली बस आली. कंडक्टरने दार उघडून विचारलं, "येताय का?"

"नाही," मी म्हटलं. "माझं माणूस येतंय."

बस गेली. पाऊस पुन्हा सुरू झाला, आधी बारीक, मग चांगला दणकून. काचेतून दिसत होतं, बाबा उभे राहून बोलत होते. पत्र्याच्या आवाजात तुकडेच कानावर येत होते. छत्री एकच. चिखल केवढा झालाय. कोणी जायचं? हात वर गेले, खाली आले. मग बाबांचं एक वाक्य अख्खं ऐकू आलं, "पाऊस थांबल्यावर जायचं, असं कोणाला वाटतं?"

तीन हात वर गेले. आईचाही.

मी दाराकडे बघत बसले. कुणाला तरी दम निघणार नाही, ठराव मोडून कुणीतरी उडी मारून बाहेर येईल, असं मला वाटत होतं. त्यांनी गॅस पेटवला. आईने चहाचं पातेलं ठेवलं आणि काचेवर वाफ धरली, मग आतलं दिसेनासं झालं. पाऊस थांबला नाही.

दुसरी बस आली.

"किती?" कंडक्टरने विचारलं.

"एक," मी म्हटलं आणि चढले.