घड्याळ कधी लावलंस

खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली आपल्या मुलीचा कागद प्रशस्तिपत्र समजून शाळेत घेऊन गेली. तळाशी कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाचा गोल शिक्का होता. शिक्क्याचा कागद वाईट असेल हे तिच्या मनातही आलं नाही. मोठ्या बाईंनी तो वाचला आणि सांगितलं, येत्या सोमवारपासून मुलगी मागच्या इमारतीतल्या वेगळ्या वर्गात बसेल. त्या वर्गात वर्षभर रंग भरतात आणि मणी ओवतात. तिथून परत आलेलं मूल मी चाळीस वर्षांच्या मास्तरकीत एकदाही पाहिलं नाही.

कागदावर बुद्ध्यांक होता अडुसष्ट, आणि तो काढला होता माझ्या भाचीने.

भाची माझ्याकडे राहून मानसशास्त्र शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी तिला सात-आठ वर्षांचं मूल हवं होतं. ‘आपली मुंगी आहे की,’ असं मीच म्हणालो होतो. मुंगी म्हणजे शिवणकामवालीची ही मुलगी. दुपारी माझ्याकडे वाचायला येते. आधी नुसती पानाकडे बघत बसते. हिचं लक्ष नाही असं वाटायला लागतं, आणि मग अख्खं पान एका दमात वाचून टाकते. अशी मुलं शिकवायला मला फार आवडतात. त्यांना घाई करायची नसते, एवढंच.

शिवणकामवाली वर आली तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. कागद माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, “मामा, माझी पोर मंद आहे का?”

मी आतल्या खोलीत गेलो. भाची स्मृतीचे प्रकार पाठ करत बसली होती. पोरांवर आवाज न चढवण्याचा माझा नेम त्या दिवशी मोडला. ती रडायला लागली. सरांनी फाइल तपासली आहे, वीसपैकी अठरा दिलेत, मुंगीच्या आईने कसं झालं म्हणून विचारलं तेव्हा मी अहवालाची प्रत दिली, असं हुंदके देत सांगू लागली. मी म्हणालो, रडणं नंतर कर. आधी ठोकळे काढ आणि माझी परीक्षा घे, तिची घेतलीस अगदी तशीच.

तिने लाल-पांढरे ठोकळे माझ्यापुढे ठेवले, नक्षीचं कार्ड ठेवलं, स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि सूचना वाचायला सुरुवात केली.

“घड्याळ कधी लावलंस?” मी विचारलं.

“ठोकळे दिल्यावर.”

“आणि सूचना कोणाच्या वेळात वाचतेयस?”

तिने चाचणीची पुस्तिका उघडली. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं, सूचना वाचा, कळली का विचारा आणि मग घड्याळ लावा. पण महिनाभर वर्गातल्या मुलांनी एकमेकांवरच सराव केला होता. सूचना सगळ्यांना तोंडपाठ. ‘कळलं गं, हाक पुढे,’ म्हणत समोरची ठोकळे जुळवायलाही लागायची. तेव्हा ठोकळे दिले की बटण, ही हाताला सवयच लागली. एका कार्डाला एक मिनिट. त्यातले पंचवीस सेकंद सूचनेने खाल्ले, आणि उरल्यातले निम्मे मुंगीने नेहमीसारखे बघण्यात घालवले.

“तिने सगळे जुळवले होते, मामा,” भाची म्हणाली. “पण बरेचसे वेळ संपल्यावर. मी शून्य लिहीत गेले.”

मोठ्या बाईंना भेटलो. त्यांनी माझं ऐकलं आणि म्हणाल्या, शिक्क्याचा कागद आहे, तो खोटा ठरवायचा तर शिक्क्याचाच कागद आणा.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांचं म्हणणं, हे फक्त शिकण्यापुरतं असतं, अहवाल आईला द्यायलाच नको होता. खरं होतं ते. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर तसं लिहिलंही होतं, पण ते पान त्यांनी वर्गात कधी उघडलंच नव्हतं, आणि तीस फाइलींवर एका बैठकीत धडाधड शिक्के मारले होते. आता एक चूक मानली तर तीसही फाइली चुकीच्या ठरतील, गुण तर कार्यालयात गेलेले. एका मुलीसाठी तीस जणांचं नुकसान करू का, असं त्यांनी मलाच विचारलं. मुलगी सात वर्षांची आहे आणि तिचं सगळं शिक्षण पणाला लागलंय, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात भाची बोलली.

“सर, मला नापास करा.”

तिने पुस्तिका त्यांच्या टेबलावर ठेवली.

“कारण लिहून करा. घड्याळ चुकीच्या वेळी लावलं, निष्कर्ष ग्राह्य नाही. बाकीच्यांचं मी बोलत नाहीये. माझ्या एकटीच्या फाइलवर लिहा आणि शिक्का मारा.”

त्यांनी तिला बरंच समजावलं. विषय पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागेल, गुणपत्रिकेवर डाग राहील. ती म्हणाली, मग मी पुस्तिका आणि स्टॉपवॉच घेऊन प्राचार्यांकडे जाते. तेव्हा त्यांनी पेन काढलं. शिक्का असा आदळला की शाई मागच्या पानावर उमटली.

मोठ्या बाईंनी तो कागद वाचला, फाइलला लावला आणि मुंगीचा बाक मुंगीलाच ठेवला. एका शब्दाने खेद नाही. आम्ही कागदाप्रमाणे चालतो, एवढंच म्हणाल्या. मूल कसं आहे, हे कधी बघता, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं, कारण मुंगीला त्यांच्याच शाळेत बसायचं होतं.

संध्याकाळी आम्ही खाली गेलो. भाचीने उभ्याउभ्या सगळं स्वतः सांगितलं. शिवणकामवालीने मशीन थांबवलं नाही. शिवण संपली, दोरा दाताने तोडला, मग तिने मान वर केली.

“तुझा विषय गेला, वाईट झालं,” ती म्हणाली. “पण एक सांगते. नवीन बेतणं शिकताना मी कात्री जुन्या चादरीवर चालवते. गिऱ्हाइकाच्या कापडावर नाही.”

शिवणकामवाली माझ्याकडे वळली.

“आणि मामा, कापड तुम्ही काढून दिलंत.”

मुंगीला उद्यापासून पुन्हा वाचायला पाठवाल का, असं विचारायचं मी जिन्यात ठरवलं होतं. विचारलं नाही.