सुगंधाताईंच्या पलंगाखालची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. पण औषधाची नव्हे. कुणाच्या फुफ्फुसाला भोक पडलं, की छातीत हवा साठते आणि फुफ्फुस आक्रसून बसतं. मग डॉक्टर छातीत नळी घालतात आणि तिचं टोक माझ्या पाण्यात बुडवतात. हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. पाणी तिला परत आत जाऊ देत नाही.

घाटकोपरच्या एका वर्कशॉपात माझं झाकण बसवलं. अंधेरीच्या हॉस्पिटलात मी वर्षानुवर्षं राबले. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी कपाटात गेले. वाईट वाटलं. कोरोनाच्या लाटेत नव्या बाटल्या संपल्या, तेव्हा इरावती सिस्टरनी मला शोधून काढलं, निर्जंतुक केलं आणि म्हणाल्या, "चल, कामाला लाग."

मी वाकोल्याच्या सुगंधाताईंच्या पलंगाखाली आले. त्यांचा न्यूमोनिया ओसरला होता, पण उजवं फुफ्फुस फाटलं होतं. माझ्यातले बुडबुडे काही थांबेनात.

"ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर यज्ञेश म्हणाले. "धोका आहे. दुसरं फुफ्फुसही थकलंय. ऑपरेशन चालेल तेवढा वेळ उजवं बंद ठेवावं लागेल, तेव्हा त्याच्यावरच तुम्हाला तग धरायचाय."

ताईंचा नवरा शिवदास हळूच म्हणाला, "थोडं थांबूया गो."

"थांबून काय झालं? बुडबुडे रोज तेवढेच." ताईंनी दम घेतला. "मी तग धरीन. करा, डॉक्टर."

बरगड्यांमध्ये छोटी भोकं पाडून, आत दुर्बीण घालून डॉक्टरांनी फाटका भाग कापला आणि कडा पिना मारून बंद केल्या. नंतर नळी माझ्यात बुडवली, तर पुन्हा बुडबुडे! शिवदासचा चेहरा उतरला.

"साठलेली हवा आहे. निघू दे," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "खोका, ताई." जखमेवर उशी दाबून ताई खोकल्या. डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा खोकल्या. नळीतलं पाणी वर-खाली झालं. बुडबुडा एकही आला नाही. भोक बुजलं होतं.

मग त्या भिंत धरून वॉर्डात चालू लागल्या. शिवदास मला गुडघ्याखाली धरून शेजारी चालायचा. एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण फुललेलं दिसलं, नळी निघाली आणि ताई स्वतःच्या पायांनी घरी गेल्या.

मित्रांनो, तुमच्या माणसाला अशी बाटली लागली, तर तिला छातीपेक्षा उंच उचलू नका, नळी दाबू नका. आणि दुखतंय म्हणून त्याला नुसतं पडून राहू देऊ नका. सिस्टरना विचारा, मग हात द्या आणि उठवा. छाती दुखेल, पण श्वास खोल घ्यायलाच हवा.