गिरणीवाल्याची ताडपत्री

मुंगीला तिच्या आईनं बडवलं, तेव्हा मी भिंतीपलीकडं भांडी घासत होते. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळं त्यांच्याकडं मिरची भाजली की शिंका मला येतात. पोर आठ वर्षांची. सारखं काही ना काही उचलून इकडून तिकडं नेते, म्हणून मुंगी.

त्या दिवशी तिनं सुताराची मागून आणलेली शिडी गोठ्यामागं टाकली आणि विसरली. गाय शिडीवर पाय देऊन गेली, दोन पायऱ्या मोडल्या. सुतारानं दारात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असा उद्धार केला. तेव्हापासून त्या घराला कुणी सुईसुद्धा उसनी देईना. आणि त्यांचा संसार सगळा मागूनच चालायचा. फावडं एकाचं, दोर दुसऱ्याचा, चाळण माझी.

मारून झाल्यावर आईनं तिला समोर बसवलं.

"आपलं मोडलं तर मोडू दे, आपलं भिजलं तर भिजू दे. दुसऱ्याचं मात्र जसं आणलं तसं परत गेलं पाहिजे. म्हण."

पोर हुंदके देत म्हणाली. पुढं महिनाभर रोज झोपताना म्हणायची, मला पाठ झालं. मी शहाणी मनात म्हणायची, बरं वळण लागतंय पोरीला.

मग मका निघाला. वर्षाचं खाणं तेवढंच. सोललेले दाणे अंगणात वाळत होते, कारण खोली एकच आणि तिचं छत गळकं. ढिगावर घालायला ताडपत्री हवी म्हणून मुंगीची आई चार दारं फिरली. तिघांनी शिडीची आठवण करून दिली. शेवटी गिरणीवाल्यानं दिली, नवीकोरी, निळी. मका त्याच्याकडंच दळायला आणायचा आणि ताडपत्रीला एक भोक दिसलं तर पुन्हा त्याच्या दारात यायचं नाही, असं त्यानं बजावलं. तिनं दोन्ही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती, तिचा नवरा आणि मी लांबच्या रानात कापणीला निघालो. आभाळ लख्ख होतं. ढीग झाकलेला, ताडपत्रीच्या चारी कोपऱ्यांवर दगड. निघताना आई मुंगीला म्हणाली, "ताडपत्रीकडं लक्ष ठेव. तिला काही झालं तर याद राख."

मक्याचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही. मी तिथंच उभी होते, तोंडात जीभ होती, आणि हे मला अजून टोचतं.

दुपारी बघता बघता आभाळ काळं झालं. पाऊस असा कोसळला की बांधापलीकडचं दिसेना. आम्ही विळे टाकून पळालो. चिखलात पाय रुतत होते आणि मुंगीची आई वाटभर एवढंच म्हणत होती, "ताडपत्री आहे. ताडपत्री आहे वर."

अंगणात दगड नीट एका बाजूला रचून ठेवले होते. ढीग उघडा पडून खचला होता आणि पिवळे दाणे पाण्याबरोबर दारावरून गटाराकडं चालले होते.

मुंगी आत खाटेवर उभी, नखशिखांत भिजलेली. ताडपत्रीच्या तिला जमतील तशा घड्या घालून ती तिनं आपल्याच पांघरुणात गुंडाळली होती. वर छत गळत होतं, त्या धारेखाली दोन्ही हातांनी पातेलं धरलं होतं.

"आई, एक थेंब पडू दिला नाही मी," ती म्हणाली.

आईचा हात वर गेला आणि वरच राहिला. मग तिनं पोरीच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि खाली बसली. बाहेर तिचा नवरा गटारात गुडघे टेकून ओंजळीनं दाणे गोळा करत होता. मीही गेले. जेवढे भरले त्याच्या दुप्पट गेले.

चार दिवस ऊन पडलं नाही. उरलेल्या मक्याला कोंब फुटले, मग बुरशी आली. घरात शिरलं की आंबूस वास यायचा.

पाचव्या दिवशी गिरणीवाला आला. सडका मका त्यानं पाहिला, च्यक् च्यक् केलं. मग ताडपत्री उलगडून चारी कोपरे तपासले, उजेडाला धरून भोक शोधलं. डाग नाही की चीर नाही. माणूस खरोखर खूष झाला.

"याला म्हणतात संस्कार," तो म्हणाला. "कधीही लागली तर बिनधास्त न्या, वहिनी."

दळणाची गोष्ट दोघांपैकी कुणीच काढली नाही.

तो गेल्यावर मुंगी आईजवळ जाऊन बसली. आई सडक्या मक्यातून एकेक दाणा निवडत होती.

"आई, नीट ठेवली ना मी?"

"हो बाळा. नीट ठेवलीस."

पोर हसली आणि तीही दाणे निवडायला लागली. संध्याकाळपर्यंत दोघींचं मिळून एक पातेलंही भरलं नाही.